जनरलसाहेबांच्या नकाशावरची छडी

मी एक जुनी छडी आहे. दचकू नका, मित्रांनो, मी मारायची छडी नव्हे. मी नकाशावर जागा दाखवायची छडी आहे. अंगाने सडपातळ, लांबीला सव्वा मीटर, आणि स्वभावाने थोडी फटकळ. माझ्या मालकांना तुम्ही टीव्हीवर पाहिले असेल. पडद्याच्या उजव्या चौकटीत बसून जे गृहस्थ गेली नऊ वर्षे जगातली प्रत्येक लढाई अठ्ठेचाळीस तासांत संपवत आले आहेत, तेच ते निवृत्त जनरलसाहेब. त्यांनी संपवलेली एकही लढाई अजून संपलेली नाही. मी सदतीस वर्षे त्यांच्या हातात होते आणि मला त्यांच्याविषयी काडीचाही आदर नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

माझा जन्म एका लष्करी शाळेच्या मागच्या सुतारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कातारीने मला फिरत्या यंत्रावर धरून गोल केले, काचपेपरने घासले, तेल पाजले. टोकाशी मात्र तो फार वेळ रेंगाळला. पेन्सिलीला काढतात तसे टोक काढून त्याने ते स्वतःच्या तळहातावर टोचून पाहिले. त्याचा मदतनीस म्हणाला, "एवढं काय रेंगाळायचं! काठी तर आहे." त्यावर कातारी म्हणाला, "नकाशावर नखाएवढी चूक झाली की जमिनीवर अर्धा किलोमीटर होतो, बाबा. आणि तो अर्धा किलोमीटर चालायचा असतो दुसऱ्याच कुणीतरी." त्या दिवशी मला माझे काम कळले. ते कळलेला दुसरा माणूस भेटायला मला पुष्कळ वर्षे लागली.

आमचे साहेब तेव्हा मेजर होते आणि त्या शाळेत शिकवायला आले होते. दिसायला रुबाबदार, ताठ, मिशी कोरलेली. आवाज खणखणीत. आवाजाचे कौतुक मी आजही करते, कारण कौतुक करण्यासारखे तेवढेच होते. पहिल्याच तासाला त्यांनी मला उचलले आणि पुन्हा कपाटात ठेवले नाही. मी सरकारी मालमत्ता आहे, हे त्यांच्या कधी ध्यानातही आले नाही. साहेबांच्या हाताला जे लागले ते साहेबांचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

एकदा वर्गाचा फोटो काढायचा होता. फोटोत माझे टोक दिसेना, म्हणून साहेब बेचैन झाले. त्यांनी मोठ्या मशीनगनच्या एका रिकाम्या काडतुसाचे पितळी बूड कापून घेतले आणि कातारीला ते माझ्या टोकावर टोपीसारखे बसवायला सांगितले. टोपी चांगली दोन सेंटिमीटर रुंद होती.

"साहेब, टोक झाकलं जाईल," कातारी म्हणाला.

"म्हातारबा, शिपाई टोकाकडे बघत नसतो. दाखवणाऱ्याकडे बघतो."

कातारीने टोपी बसवली. हुकूम होता. पण ठोकताना तो माझ्याकडे असे बघत होता की मलाच वाईट वाटले. त्या टोपीला साहेब रोज पॉलिश करून घेत. फोटोत मी झकास आले. आता लष्कराच्या नेहमीच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर असतो, हे साहेबच वर्गाला शिकवत. म्हणजे मी जिथे टेकेन तिथला एक किलोमीटर माझ्याच बुडाखाली गडप होई. एका बाजूला फळ्यावर प्रमाण लिहायचे आणि दुसऱ्या बाजूला हातात असले धूड धरायचे, याचा मेळ त्यांना कधी घालावासा वाटला नाही.

साहेब भराभर वर चढले. अहवाल हाताखालचे लिहीत, सही साहेबांची असे. वरिष्ठ आले की साहेब त्यांच्या मागून दोन पावले चालत आणि हाताखालच्यांना आपल्या मागून दहा पावले चालायला लावत. वरिष्ठांच्या विनोदाला ते विनोद संपायच्या आधी हसत. मी बगलेत असे, त्यामुळे हसताना त्यांचे पोट कसे हलते ते मला चांगले ठाऊक आहे. खांद्यावरच्या खुणा वाढत गेल्या, आणि त्यांना प्रश्न विचारणारी माणसे कमी होत गेली. अशा रीतीने ते ब्रिगेडियर झाले.

आता मित्रांनो, लष्करातली एक चांगली रीत तुम्हाला सांगते. वरिष्ठाने नकाशावर हुकूम दिला, की तिथल्या सर्वांत धाकट्या अधिकाऱ्याने उभे राहायचे आणि तो हुकूम परत म्हणून दाखवायचा. जागेचे नकाशावरचे आकडेसुद्धा म्हणायचे. धाकट्याला समजले म्हणजे सगळ्यांना समजले. या रीतीत वेळ जातो, पण जीव वाचतात. साहेबांनी ती आपल्या तंबूत बंद केली. म्हणाले, "मी इथे पोपट पाळलेले नाहीत." बाकीचे हसले. हसणे भाग होते.

आणि मग ती नदी आली. खरीखुरी लढाई सुरू होती. पलीकडचा काठ घ्यायचा होता. नदीला दोन उतार होते. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. एक वरच्या अंगाला, एक खालच्या, दोघांत सातशे मीटरचे अंतर. पाहणी करून आलेल्यांनी कागदावर लिहून दिले होते: वरच्या उताराला पाणी कमरेएवढे, खालच्याला सध्या डोक्यावरून. तो कागद सकाळपासून साहेबांच्या टेबलावर होता. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला होता. वाचला नव्हता.

दुपारी सगळे अधिकारी तंबूत जमले. बाहेर एक छायाचित्रकार आला होता, त्यामुळे साहेबांचे अर्धे लक्ष तंबूच्या दाराकडे होते. त्यांनी मला उचलले आणि नदीवर टेकवले. "कंपनी इथून उतरेल. उद्या पहाटे."

इथून! माझ्या टोपीखाली दोन्ही उतार झाकले गेले होते. मी तिथे होते, मला ठाऊक आहे. कंपनी घेऊन जाणारा कॅप्टन पुढे झाला. तरुण होता, नुकताच बाप झाला होता, आणि नकाशा वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो म्हणाला, "सर, इथे दोन उतार आहेत. वरचा की खालचा?"

मित्रांनो, त्या क्षणी साहेबांच्या हाताला फुटलेला घाम मला लागला. त्यांना दोन उतार आहेत हेच माहीत नव्हते. काठी उचलून खाली वाकून पाहिले असते तर दोन सेकंदांचे काम होते. पण वाकले असते तर साहेबांना माहीत नव्हते हे सगळ्यांना दिसले असते. म्हणून ते वाकले नाहीत.

"कॅप्टन, माझी काठी दिसत नाही का तुम्हाला? चष्मा लावा."

तंबूत हशा पिकला. कॅप्टनचे कान लाल झाले. त्याने माझ्या टोपीचा मध्य डोळ्यांनी धरला, आपल्या नकाशावर पट्टीने मोजून खूण केली, आणि सलाम ठोकून गेला. मध्य खालच्या उताराजवळ होता. साहेब फोटो काढायला बाहेर गेले. त्या फोटोतही मी आहे.

पहाटे कंपनी खालच्या उतारात उतरली. कॅप्टन सर्वांत पुढे होता. अकरा जवान वाहून गेले. कॅप्टनने चौघांना ओढून काढले, त्यात त्याचा गुडघा कायमचा गेला. पलीकडचा काठ त्याच दिवशी दुसऱ्याच ब्रिगेडने दुसऱ्याच बाजूने घेतला. पदक मात्र आमच्या साहेबांना मिळाले, कारण बातमीबरोबर छापायला फोटो त्यांचाच तयार होता.

चौकशी झाली. साहेबांनी टेबलावरचा तो पाहणीचा कागद पुढे केला, चहाच्या कपाच्या गोल डागासकट. म्हणाले, "हा कागद वाचूनच मी वरचा उतार दाखवला होता. कॅप्टनला नकाशा वाचता आला नाही." कॅप्टनने टोपीच्या मध्याची गोष्ट सांगितली, तेव्हा चौकशी करणारे गालात हसले. हुकूम परत म्हणून घेतला असता तर तंबूभर साक्षीदार असते. तंबूतले बाकीचे म्हणाले, आम्ही मागे उभे होतो, नीट दिसले नाही. नोकरी सगळ्यांनाच प्यारी असते. मी त्या खोलीच्या कोपऱ्यात उभी होते. मला कोणी विचारले नाही. निकालपत्रात लिहिले गेले: ब्रिगेडियर यांनी वरचाच उतार दाखवला होता, कॅप्टनने नकाशा चुकीचा वाचला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी दिली जाते, टाईप करून, तीन प्रतींत. कॅप्टनला घरी पाठवले. त्याचे काय झाले ते मला पुढे बरीच वर्षे कळले नाही.

साहेब जनरल झाले. ते दिवस मी गाळते. भाषणे, फिती कापणे, आणि मला पॉलिश. पुढे निवृत्ती आली, आणि मग खरी मजा. घरात हुकूम देण्यासारखे कोणी उरले नाही. साहेब सकाळी उठून दाढी करत, कोट घालत आणि फोनसमोर बसत. फोन वाजत नसे. एकदा त्यांनी मला घेऊन बाईसाहेबांना स्वयंपाकघरातल्या बरण्या कुठे ठेवाव्यात ते दाखवले. बाईसाहेब त्यांच्या पत्नी, चाळीस वर्षे हे सगळे पाहिलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, या बरण्यांना तुमची भीती वाटत नाही. बसा तिकडे." घरात मला आवडणारे माणूस तेवढेच होते.

मग कुठेतरी लढाई भडकली आणि एका वाहिनीचा फोन आला. साहेब बसल्या जागी दहा वर्षांनी तरुण झाले.

स्टुडिओत त्यांच्या मिशीला काळे करत. मला टेबलावर ठेवत, कारण निर्मात्याला मी 'भारदस्त' वाटले. साहेबांच्या बोलण्याचा साचा ठरलेला होता. आधी "मी स्वतः तिथे होतो," मग "माझ्या पोरांनी," आणि शेवटी "अठ्ठेचाळीस तास." ज्या देशाचे नाव त्यांना नीट म्हणता येत नसे, त्या देशाच्या राजधानीत ते मला टेकवून सैन्य घुसवत. समोर एक म्हातारे राजदूत बसत. ते काही सांगू लागले की साहेब आवाज चढवत, आणि आवाज चढला की बघणारे वाढत. उचलली जीभ लावली टाळ्याला. लढाईत निदान नदी तरी उत्तर देते, स्टुडिओत तेही कोणी देत नाही.

त्या वाहिनीचे नकाशे एक मुलगी काढत असे. सगळे तिला पट्टी म्हणत, कारण तिच्या खिशात कायम एक स्टीलची पट्टी असे. कमी बोलायची. साहेबांनी तिचे नाव कधी विचारले नाही, "ए नकाशा" म्हणून हाक मारत. एका रविवारी नदीच्या लढाईला पंचवीस वर्षे होणार होती. वाहिनीने सकाळचा खास कार्यक्रम ठरवला. साहेब स्वतः आपला पराक्रम सांगणार होते.

दोन दिवस आधी रंगभूषेच्या खोलीत मी खुर्चीवर पडले होते. रंगभूषा करणारे काका पट्टीला म्हणाले, "काय गं, तोंड का एवढंसं झालंय?"

"काका, त्या नदीत कंपनी घेऊन माझे बाबा उतरले होते."

काकांच्या हातातला ब्रश थांबला. पट्टी हळूहळू सगळे बोलली. कॅप्टनने नंतर जन्मभर एका शाळेत भूगोल शिकवला होता. गेलेल्या अकरा जणांच्या नावांचा एक दगड उभारला आहे, तिथे दरवर्षी त्यांच्या घरचे लोक जमतात. एकदाच तिचे बाबा तिथे गेले. एका जवानाच्या आईने त्यांनी ठेवलेली फुले उचलली, रस्त्यापलीकडे नेऊन टाकली आणि म्हणाली, "नकाशा येत नव्हता तर माझं पोरगं कशाला नेलंस?" त्यानंतर ते गेले नाहीत. ती फुले माझ्या मालकांनी टाकायला लावली होती, हे त्या आईला ठाऊक नव्हते.

"मग तू काय करणार आहेस?" काकांनी विचारले.

"नकाशा काढणार आहे," पट्टी म्हणाली. "नीट."

आणि तिने काढला. भिंतभर. एवढा मोठा, की दोन उतारांत हातभर अंतर होते आणि माझी टोपी टेकवली तरी एका वेळी एकच झाकला जाई. नावे मात्र तिने कुठल्याच उतारापुढे दाखवली नाहीत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबांना मला एका जागी टेकवावे लागणार होते.

रविवारी दिवे लागले. साहेबांनी चष्मा खिशात ठेवला होता, कारण पडद्यावर चष्म्याने वय दिसते. ते भिंतीपाशी गेले, मला उचलले आणि झोकात म्हणाले, "इथून मी माझी पोरं उतरवली!" आणि मी टेकले खालच्या उतारावर.

निवेदिकेच्या कानात काहीतरी सांगितले गेले. काचेमागे पट्टी माईकजवळ उभी होती, मी पाहिले. निवेदिका म्हणाली, "सर, इथे दोन जागा दिसतात. आपण दाखवलेली हीच ना?"

"बाई, मी स्वतः निवडलेली जागा मी विसरेन? हीच. शंभर टक्के हीच!" आणि मला त्यांनी तिथेच दोनदा ठोकले.

तेव्हा भिंतीवर अक्षरे उमटली. जिथे मी होते तिथे: खालचा उतार. हातभर वर: वरचा उतार. आणि बाजूला निकालपत्रातले ते वाक्य, मोठ्या टायपात: ब्रिगेडियर यांनी वरचाच उतार दाखवला होता. साहेबांना चष्म्याशिवाय काहीच वाचता येत नव्हते. त्यांना फक्त सरकारी शिक्का ओळखू आला. ते खूष होऊन ओरडले, "बघा! हाच तो कागद! माझा शब्द न् शब्द यात आहे!" मी खालच्याच उतारावर होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते इतके ताणून कोणी केल्याचे मी तरी पाहिलेले नाही. स्टुडिओत कोणी हसले नाही. राजदूतांनी चष्मा काढून पुसला आणि ते पुन्हा वाचू लागले. मग जाहिरात लागली.

जाहिरातीत बाईसाहेबांचा फोन आला. त्या एवढेच म्हणाल्या, "चष्मा लावा आणि भिंतीकडे बघा." साहेबांनी चष्मा लावला. बघितले. शरमले असतील असे तुम्हाला वाटेल. छे! ते गरजले, "नकाशा चुकलाय! कोणी काढलाय हा नकाशा?" पंचवीस वर्षांपूर्वी बापाला जे म्हणाले तेच मुलीला म्हणाले. मला जमिनीवर फेकून ते निघून गेले. त्याच संध्याकाळी पट्टीची नोकरी गेली. पुढच्या आठवड्यात साहेब दुसऱ्या वाहिनीवर बसले आणि त्यांनी आणखी एक लढाई अठ्ठेचाळीस तासांत संपवली. गर्वाचे घर खाली म्हणतात. काही घरे नुसता पत्ता बदलतात.

पट्टीने मला उचलले आणि घरी नेले. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, भिंतीवर नकाशेच नकाशे. कॅप्टन, म्हणजे आता एक पांढऱ्या केसांचे सर, खुर्चीत गुडघा लांब करून बसले होते. त्यांनी मला हातात घेतले नाही. नुसते पाहिले आणि म्हणाले, "नोकरी कशाला घालवलीस, बाळ? माझं काय राहिलंय आता?"

"बाबा, मी फक्त नकाशा काढला. चुकले ते जनरलसाहेब."

चार दिवसांनी दारावर थाप पडली. एक वाकलेली म्हातारी तीन जिने चढून, धापा टाकत आली होती. फुले टाकणारी तीच, रविवारचा कार्यक्रम पाहून आलेली. सर उठायला लागले, पण गुडघा उचलेना. ती आपणहून समोरच्या खुर्चीत बसली. मला वाटले, ती माफी मागेल. तिने माफी मागितली नाही. तसली जुळवाजुळव करायला तिच्यापाशी वेळ नव्हता.

"तू होतास ना त्याच्याबरोबर, आदल्या संध्याकाळी?" तिने विचारले. "मग सांग. जेवला होता का तो? काय बोलत होता? पंचवीस वर्षं झाली, मला हे कुणाला विचारताच आलं नाही रे. ज्याला ठाऊक होतं त्याच्याशी मी बोलत नव्हते."

सरांनी डोळे मिटले. "जेवला होता, आई. दोनदा वाढून घेतलं. आणि बूट वाळत घातले होते शेकोटीशी, त्यांच्याकडे बघत म्हणत होता, घरी गेलो की आधी आईला नवीन चपला घेणार." मग ते सांगत राहिले आणि ती ऐकत राहिली. पट्टीने तिला पाणी दिले, ते तसेच हातात राहिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला मोडा, चुलीत घाला, माझी हरकत नाही. पण उद्या कोणी खणखणीत आवाजाचा माणूस तुमच्यासमोर नकाशावर काठी ठोकून "इथे" म्हणाला, तर टाळ्या वाजवू नका. हात वर करा आणि विचारा, इथे म्हणजे नक्की कुठे? तो हसेल, तुमचे कान लाल होतील, शेजारचे खाली बघतील. तरी पुन्हा विचारा, आणि तो वाकून बघेपर्यंत जागेवरून हलू नका. कारण त्या दिवशी तंबूत नऊ अधिकारी होते, आणि कॅप्टनने दुसऱ्यांदा विचारले नाही. हे मी माझ्या मनाने म्हणत नाही. म्हातारी जिना उतरून गेल्यावर सरच पट्टीला म्हणाले, "मी एकदाच विचारलं गं. दुसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली."